पहिल्या टोपलीचा मान

"मेले. सगळे मेले," परचुरे सर सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणाले. मग खुर्ची मागे सरकवून मला म्हणाले, "बस. तूच बघ."

मी बसले. काचेवर आमच्या खाडीच्या पाण्याचा एक थेंब होता आणि खालून निळा उजेड सोडलेला होता. त्या उजेडात ज्या पेशी एरवी लालसर दिसायच्या, त्यांतल्या बहुतेकींच्या पोटात आज हिरवा दिवा लागला होता. हिरवं दिसलं की समजायचं, आत परजीवी शिरला. तो आत बसून पेशीला खातो, खाऊन फुगतो आणि शेवटी तिला फोडून बाहेर येतो. बाहेर आलेली त्याची बीजं लगेच पुढची पेशी गाठतात. माझ्या डोळ्यासमोरच एक फुटली. तिच्यातून बारीक धुरासारखं काहीतरी निघालं आणि ती रिकामी होऊन बाजूला तरंगत राहिली.

"जेल पाहिलंस?" सरांनी विचारलं. मी पाहिलं होतं. सकाळी मीच चालवलं होतं.

ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. भाटवेळ हे माझं गाव, खाडीच्या तोंडावरचं. सर पुण्याचे. त्यांच्या संस्थेने आमच्या बंदरावरच्या जुन्या जकातचौकीत एक छोटं केंद्र उघडलं होतं, आणि मी त्यांची विद्यार्थिनी. समुद्रात तरंगणारे जे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यांना लागणारे परजीवी हा सरांचा विषय. सूक्ष्मदर्शकाला परजीवी दिसतो तोवर उशीर झालेला असतो, म्हणून सरांनी वेगळी पद्धत बसवली होती. रोज खाडीचं पाणी गाळायचं, गाळणीवर राहील त्यातून डीएनए काढायचा, आणि फक्त त्या परजीवीचाच डीएनए ओळखून यंत्रात त्याच्या लाखो प्रती काढायच्या. त्या प्रती जेलच्या पातळ वडीतून चालवायच्या; जेलवर पट्टी उमटली की तो पाण्यात आहे. पट्टी ठळक झाली की तो वाढतोय. मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सगळं एकदा समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आंब्यावरला बांडगूळ. तसा सांग की." तेव्हापासून गावात आमच्या कामाला सरांचं बांडगूळ असंच नाव पडलं.

त्या वर्षी मात्र बांडगुळाची चेष्टा करायची कुणाला सुचत नव्हती. नवरात्र झालं आणि खाडीचं पाणी चहासारखं झालं. लालसर, वर फेस. दोन दिवसांनी आमच्या शेजारच्या द्वारकाच्या दिराने आणि त्याच्या लहान मुलीने तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, खाल्ल्या. आधी ओठ बधिर झाले, मग हात, मग पाय, मग श्वास. संध्याकाळपर्यंत दोघंही गेली. पाण्यातल्या त्या लाल पेशींत विष असतं. तिसऱ्या चिखलात बसून पाणी पीत असतात, ते विष त्यांच्यात साठतं, त्यांना काही होत नाही आणि खाणारा मरतो. कितीही उकळलं तरी ते विष जात नाही. त्यावर औषधही नाही. श्वास बंद पडला की कुणीतरी बाहेरून श्वास देत राहायचा, आणि देणाऱ्याने थकायचं नाही, एवढाच उपाय.

गावाने त्याच दिवशी खाडीत टाळ रोवला. टाळ म्हणजे आंब्याची डहाळी. ती बांबूला बांधून खाडीतल्या वाळूच्या बेटावर उभी केली की गावाला खाडी बंद. पावसाळ्यात दरवर्षी तसा टाळ असायचाच आणि नारळी पौर्णिमेनंतर तो उपटायचे. पण एकदा उपटलेला टाळ त्याच वर्षात पुन्हा रोवावा लागला, असं आबांच्याही आठवणीत नव्हतं.

आमच्या वाडीतल्या बायका खाडीवर जगायच्या. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. सुकती लागली की गुडघाभर चिखलात उतरायचं, पायाच्या बोटांनी तिसरी चाचपायची आणि टोपलीत टाकायची. घरचं कालवण त्यातच आणि बाजारही त्यातच. दिवाळी आली आणि चुली पेजेवर आल्या. द्वारका एकदा भर दुपारी वरच्या अंगाला, झाडीआड, चिखलात उतरलेली आईला दिसली होती. आईने तिची टोपली तिथेच पालथी केली आणि तिला हाताला धरून घरी आणलं. कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. टाळाचा धाक आता फार दिवस टिकणार नव्हता.

अशात तो हिरवा उजेड दिसला. सरांना काय वाटलं असेल ते मी समजू शकते. विष करणाऱ्या पेशींच्या मुळावर परजीवी आला होता, आणि तो आल्याचं सरांच्या पद्धतीने सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं. लाल पाणी ओसरेल असं ते म्हणाले आणि ते ओसरलं. माणसाच्या आयुष्यात असं एकदाच घडून येतं. पाणी निवळलं त्या संध्याकाळी देवळापुढे गाव जमला, तेव्हा सर धुतलेला सदरा घालून आले होते.

त्यांनी चांगलं सांगितलं. सोपं सांगितलं. बांडगूळ हाच शब्द वापरला आणि माणसं हसली, कितीतरी दिवसांनी. शेवटी द्वारका उठली.

"सर, खाडी बरी झाली काय नाय, तेवढा सांगा."

"पाणी स्वच्छ झालं. विष करणारा जीव संपला," सर म्हणाले.

"आणि तिसऱ्यो?"

मी मध्येच बोलले. तिसऱ्या तपासायला बाहेरगावी पाठवल्या आहेत, उत्तर आलेलं नाही, तोवर थांबावं, असं मी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. कुणी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. आपल्या गावच्या पोरीपेक्षा पुण्याच्या सरांचं ऐकायचं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. सर म्हणाले, वैजयंतीचं बरोबर आहे, पण इतक्या भरती-ओहोटी झाल्या, पाणी बदललं, त्याही धुऊन निघाल्या असणार. आणि मग म्हणाले, "तुम्हाला शंका नको. उद्या पहिल्यांदा मी खातो. तुमच्यासमोर."

आबा देवळाच्या पायरीवर बसले होते. ते सावकाश उठले, डोक्यावरची टोपी सारखी केली.

"सरांनू, तुमी खावचा नाय. तुमचो मान नाय. पयलो मान कोयंड्यांचो."

लोक पुन्हा हसले. सरही हसले. मी मात्र शरमेने मान खाली घातली. कारण मला माझे वडील ठाऊक होते. लाडोबा कोयंडे हा माणूस उभ्या जन्मात कशासाठी हटून बसला नाही, पण या मानासाठी बसायचा.

तो मान असा. टाळ उपटला की पहिली टोपली कोयंड्यांच्या घरी यायची. त्यातलं कोयंड्यांच्या घरच्या कर्त्याने आधी खायचं. गाव त्या दिवशी खाडीत उतरायचा नाही, दुसऱ्या दिवशीच्या सुकतीपर्यंत थांबायचा. अंगणात गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, आणि चार जाणती माणसं येऊन बसायची. आबा धुतलेलं धोतर नेसून ओटीवर पाटावर बसायचे, आणि त्यांना गावातर्फे नारळ मिळायचा. लहानपणी मी या गोष्टीचा शाळेत भाव मारून घेतला होता. घरात मात्र तो दिवस मला आवडायचा नाही. आई एकच ताट वाढायची. आम्हा मुलींना त्या तिसऱ्यांना हात लावू द्यायची नाही, स्वतः दिवसभर काही खायची नाही. एरवी तिच्या हातचं तिसऱ्यांचं कालवण, एकशिपी, खाऊन माणसं ताट चाटायची, पण त्या दिवशी ती तिसऱ्या नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडायची. ना तिखट, ना कोकम. देवाचं असतं म्हणून अळणी, अशी मी समजूत करून घेतली होती.

जेवणानंतर आणखी एक गंमत असायची. आई आबांना विडा करून द्यायची आणि विचारायची, "चुनो लागता मां?" आबा म्हणायचे, "लागता गो." थोड्या वेळाने दुसरा विडा. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. आणि दुपारी त्यांना पडू द्यायची नाही. समोर बसून बोलतं ठेवायची, कुठले कुठले जुने विषय काढायची. आम्ही बहिणी माजघरातून तिची नक्कल करायचो, चुनो लागता मां, चुनो लागता मां, आणि तोंडात पदर कोंबून हसायचो. एवढ्या वर्षांच्या संसारात आईला नवऱ्याशी गप्पा मारायला तो एकच दिवस मिळतो, असं माझी धाकटी बहीण म्हणायची.

देवळातून घरी आलो तेव्हा दिवेलागण होत होती. मी आबांशी भांडले. मन लावून भांडले. "आबा, पाणी तपासला आमी. तिसऱ्यो नाय."

ते जाळ्याची फाटकी बाजू हातात घेऊन बसले होते. "म्हणजे तिसऱ्यांचा तुका ठावक नाय."

"नाय."

"सरांक?"

"तेंकाय नाय."

"मगे बरा," ते म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले.

मला राग आला. मी म्हटलं, नारळाक आणि विड्याक भुललास तुमी. ते म्हणाले, नारळ ग्वाड आसता. मी म्हटलं, गावाला थांबायला सांगा, तुमचं ऐकतील. त्यांनी मान हलवली. आता कोण थांबतंय, असं म्हणाले. सरांनी हो म्हटल्यावर उद्या निम्मी वाडी खाडीत उतरणार. टाळ रीतीने उपटला तर निदान एक दिवस थांबतील. नाहीतर द्वारकासारखी आधीच उतरतील.

मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमचा यंत्र तिसऱ्यो खाता?"

"नाय."

"मगे कोणीतरी खावक होयी."

मला ती त्यांची नेहमीची चेष्टा वाटली. मी आईकडे पाहिलं. ती चुलीपुढे बसून नारळ खवत होती, आणि खवणीचा आवाज थांबला नव्हता. तिने एका शब्दाने त्यांना अडवलं नाही, याचाही मला राग आला. मी न जेवता चौकीवर गेले आणि सरांना सांगितलं की आबांना समजवा. सर म्हणाले, अगं, घाबरतेस काय, मीही सोबत खाणारच आहे. त्यांचा चेहरा उजळलेला होता. सरांमध्ये कपट नव्हतं. गावाचे हाल त्यांना बघवत नव्हते आणि आपल्या हातात उपाय आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं.

सकाळच्या सुकतीला गावकराने टाळ उपटला. टोपली आली. मी तिसऱ्या हातात घेऊन पाहिल्या. नेहमीसारख्याच होत्या, भरलेल्या, जड. नुसती तिसरी बघून काही कळत नाही.

अंगणात माणसं बसली. बायका कुंपणापलीकडे उभ्या होत्या, आणि पुष्कळजणींनी उद्यासाठी टोपल्या धुऊन आणल्या होत्या. सर आले ते थेट ओटीवर चढले आणि आबांच्या शेजारी बसले. आईने आबांपुढे ताट ठेवलं. सरांपुढे ठेवलं नाही. सरांनी हसत आबांच्या ताटातल्या शिंपलीकडे हात नेला, तेव्हा आबांनी त्यांचं मनगट धरलं. जोरात धरलं असावं, कारण सरांचं हसू गेलं.

"तुमचो मान नाय म्हणान सांगलंय मां, सरांनू? खाली बसा."

सर खाली अंगणात जाऊन बसले. मला वाटलं, म्हातारा शेवटी सरांचा पाणउतारा करूनच राहिला.

आबा सावकाश जेवले. एकेक शिंपली उघडून, आतलं काढून, शिंपली बाजूला रचून ठेवत. ताट संपलं, त्यांनी हात धुतले. आई त्यांच्यासमोर बसली. तिने पान काढलं, शिरा काढल्या, चुना लावला, कात टाकला, विडा दिला. त्यांनी तो तोंडात घातला.

"चुनो लागता मां?"

"लागता गो."

आईने द्वारकाच्या सासऱ्याचा विषय काढला, कधीच्या काळी त्याचं होडकं कसं उलटलं होतं ते. आबा सांगू लागले. मी खांबाला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, झालं, नाही काही झालं, आता संध्याकाळी यांच्याशी नीट भांडते. आईने दुसरा विडा केला. चुना या खेपेला बोटभर लावला. आबांनी तो चघळला. चघळता चघळता थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं. इतकं सरळ, इतका वेळ, त्यांना आईकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"चुनो लागता मां?" आईने विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"नाय गो," आबा म्हणाले. "लागना नाय."

आई उठली. अंगणाकडे तोंड करून म्हणाली, "टाळ परत रोवा. खाडयेत कोणी उतरू नकात." मग तिने पदर खोचला आणि माझ्याकडे वळली, "गाडी काढूक सांग."

त्या क्षणी मला सगळं कळलं. अळणी तिसऱ्या, एकच ताट, गाव दुसऱ्या सुकतीपर्यंत का थांबतो, आणि दुपारी झोपू का द्यायचं नाही. तिखट घातलं असतं तर जीभ आधीच चुरचुरली असती आणि चुन्याचं कळलं नसतं. आम्ही माजघरात ज्याची नक्कल करून हसायचो, ती तपासणी होती. खाडीकाठच्या माणसांनी कधीतरी बसवलेली, आणि तिला लागणारं एकच साधन आमच्या घरात होतं, दरवर्षी पाटावर बसणारं.

सर धावत केंद्राच्या जीपकडे गेले. आबा स्वतःच्या पायांनी जीपपर्यंत चालले, पण चढताना गुडघा वाकेना, तेव्हा आम्ही त्यांना उचललं. तालुक्याचा रस्ता खाडीला वळसा घालून जातो. तेव्हा पूल नव्हता. सर गाडी चालवत होते. मागे मी, आई आणि आईच्या मांडीवर आबांचं डोकं. आधी ते बोलत होते. ओठ जड झाले म्हणाले. मग जीभ. मग नुसते बघत राहिले. मला शास्त्र ठाऊक होतं, तेच वाईट झालं. या विषाने माणूस बेशुद्ध होत नाही. त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त अंग आपलं राहत नाही. पेशीच्या आत शिरलेला परजीवी मी रोज बघायचे आणि आतून खाल्ली जाणारी पेशी कशी शेवटपर्यंत पोहत राहते याचं मला नवल वाटायचं. आता आबांचे डोळे तसे माझ्यावर होते.

श्वास उथळ झाला तेव्हा मी त्यांचं नाक दाबून तोंडाला तोंड लावलं आणि फुंकायला लागले. त्यांच्या तोंडाला पानाचा वास होता. छाती वर यायची, खाली जायची. सर पुढून सारखे विचारत होते, आहेत ना, वैजू, आहेत ना? मी मान वर करून उत्तर देऊ शकत नव्हते. आई सांगायची, "आसत. आसत. तुमी चलवा." माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा आईने मला बाजूला केलं आणि ती फुंकू लागली. मग मी. मग ती. आमच्या दोघींच्या श्वासावर ते घाटीपर्यंत आले. तिथे त्यांची छाती वर यायची थांबली नाही, कारण ती आम्ही उचलत होतो, पण आईने हात त्यांच्या गळ्यावर ठेवला आणि तसाच ठेवून राहिली. "पुरे, बाय," ती म्हणाली. मी थांबले नाही. तालुक्याला पोचेपर्यंत थांबले नाही. डॉक्टरांनी मला खांद्याला धरून उठवलं, तेव्हा ऊन अजून उतरायचं होतं.

गावात दुसरं कुणी मेलं नाही. टाळ त्याच दुपारी परत उभा राहिला, आणि त्या दिवसानंतर द्वारका काय, कुणीच त्याच्याकडे डोळा वर करून पाहिलं नाही. तपासणीचं उत्तर सुतकातच आलं. मरायला जेवढं पुरतं त्याच्या कितीतरी पट विष तिसऱ्यांत होतं. पाणी खरोखरच स्वच्छ होतं. सरांची पट्टीही खरी होती आणि परजीवीही खरा. पण त्याने मारलेल्या पेशी कुठे जाणार? तळाला जाऊन चिखलावर बसल्या, आणि तिसऱ्या चिखलातच राहतात. आम्ही खाडीचं पाणी वरून गाळत होतो. खाली काय पडतंय ते आमच्या गाळणीत कधी आलंच नव्हतं.

तेराव्याला सर आले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. अंगणातच उभे राहिले, ओटीवर चढेनात. आईने त्यांना चहा दिला. कप हातात धरून त्यांनी तिला विचारलं, "त्यांनी मला का खाऊ दिलं नाही?"

"पावण्याक जेवण वाढतत," आई म्हणाली. "मान घरच्याचो."

सर तिथेच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मला त्यांचा राग होता आणि तो राग तेव्हा कुठे गेला ते कळलं नाही. चहा मात्र तसाच निवला.

ते गेल्यावर मी आईला विचारलं, की हे मला कधी का सांगितलं नाही. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती.

"मान म्हणजे काय वाटलो तुका? गावान एक घर ठरवल्यान. ह्या घरान आदी खावचा. मेलो तर एक मेलो. तुझ्या आज्याचो बापूस असोच गेलो. म्हणान नारळ देतत."

"माका सांगूचा तरी होता."

"चेडवांक कित्याक सांगतले? चेडवां लग्न होऊन जातत." तिने सूप खाली ठेवलं. "दर वर्साक मिया तेच्यासमोर बसलंय. तो बोलता काय नाय ता बघित. आणि तुमी आतसून हसत."

पुढच्या वर्षी पावसाळा संपला. मी श्रावणापासून तिसऱ्या तपासायला पाठवत होते, पाण्याबरोबर चिखलही गाळत होते. सगळं शुद्ध होतं. गावकर आला, ओटीखाली उभा राहिला आणि घुटमळला. लाडोबाक झील नाय, म्हणाला; आम्ही सगळ्या मुलीच. भाऊबंदांत एक चुलतभाऊ होता, तो मुंबईहून यायला तयार नव्हता. त्याला दोष कसा द्यायचा? आता मान म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं. गावकराने विचारलं की तपासणी झालेली आहे तर या खेपेला पहिल्या टोपलीची रीत सोडून द्यायची का.

मीच म्हटलं, "मिया बसतंय."

गावकराने आईकडे पाहिलं. आई आत गेली आणि तिने पाट आणून ओटीवर मांडला.

अंगणात माणसं होती. त्यांच्यात सरही होते, पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेले. खाली जमिनीवर, हात मांडीत धरून बसले होते. त्यानंतर ते हयात असेपर्यंत दरवर्षी येत राहिले. त्या दिवशी अंगणात कुणी त्यांच्याशी बोलत नसे आणि तेही कुणाशी बोलत नसत. तपासणीचा कागद मी आईला दाखवला होता. तिने तो चष्मा न लावताच पाहिला आणि परत दिला.

आईने एकच ताट वाढलं. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तिसऱ्या. मी जेवले. एकेक शिंपली उघडून, आबांसारखी बाजूला रचत. हात धुतले. आई माझ्यासमोर बसली, तिने पानाच्या शिरा काढल्या, चुना लावला, विडा दिला.

"चुनो लागता मां?"

"लागता."

दुसरा विडा. चुना बोटभर होता. जीभ भाजली आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"चुनो लागता मां गो?"

"लागता, आये."

"परत सांग."

"लागता."

तिने अंगणाकडे वळून सांगितलं, उद्याच्या सुकतीला उतरा. बायका टोपल्या घेऊन उठल्या, माणसं पांगली. सर शेवटी उठले. मी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले, तर आईने माझा गुडघा हलवला.

"निजू नको. बोलत ऱ्हव."

"काय बोलू?"

"काय पण बोल."

मी तिला त्या हिरव्या उजेडाची गोष्ट सांगायला लागले. पेशीच्या पोटात तो कसा शिरतो, कसा वाढतो, आम्ही त्याला डीएनएवरून कसा ओळखतो. ती एक शब्दही ऐकत नव्हती. ती माझ्या ओठांकडे बघत होती.